रोव्हर्स चषक, १९३७ : अंतिम सामना
मुंबईच्या रोव्हर्स चषक फुटबॉल स्पर्धेतील ऐतिहासिक अंतिम सामना. त्यात बंगळूर मुस्लिम्स संघाने कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगला १–० असे हरवून हा चषक जिंकणारा पहिला भारतीय संघ होण्याचा मान मिळवला.

स्पर्धा १८९१ मध्ये सुरू झाली आणि पहिला चषक वूस्टरशर रेजिमेंटने नेला. पुढची साडेचार दशके तो गोऱ्या पलटणींच्याच हाती फिरत राहिला. १९२३ मध्ये मोहन बागानने अंतिम फेरी गाठली खरी, पण डरहॅम लाइट इन्फंट्रीने त्यांना ४–१ ने नमवले.

१९३७ चे वेगळेपण केवळ विजेत्यात नाही. अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना भारतीय क्लब होते. पलटणी आधीच गारद झाल्या होत्या. मोहमेडन तेव्हा ऐन भरात होता. १९३४ पासून कलकत्ता लीग त्याच्याकडेच होती. अनवाणी खेळण्याची रीत सर्रास असताना ओल्या मैदानावर हलके बूट घालून उतरण्याचे शहाणपण या संघाने दाखवले होते. बंगळूरचे गुणी खेळाडू हेरून तो आपल्याकडे नेत असे. त्याच बंगळूरने त्याला एका गोलने रोखावे, यातली गंमत जाणकारांच्या नजरेतून सुटणारी नाही.

१९३८ मध्ये बंगळूर मुस्लिम्सने चषक राखला. १९४० मध्ये मोहमेडनने याच प्रतिस्पर्ध्याला हरवून परतफेड केली. कलकत्त्यातील मोहन बागानच्या १९११ च्या आयएफए शील्ड विजयाइतकी प्रसिद्धी मात्र मुंबईतल्या या सामन्याला कधीच लाभली नाही.