लॅप्स, खालसा आणि वाढवणे

परवा भाचा घरी आला तो कागद नाचवतच. "मामा, 'फेज आउट'ला मराठीत काय म्हणायचं?" तो काम करतो त्या कारखान्यातला एक विभाग येत्या वर्षभरात बंद होणार आहे. इंग्रजी पत्रक आलं होतं, त्याचं मराठी करून नोटीस बोर्डावर लावायचं काम ह्याच्याकडे आलं. म्हटलं, बघू या. चहा झाला, पण शब्द काही सापडेना.

आपल्याकडे संपण्याला शब्द कमी नाहीत. गाशा गुंडाळतात, गोष्टी मोडीत काढतात, सप्ताहाची सांगता होते, संमेलनाचं सूप वाजतं. आमची आजी तर 'बंद' हा शब्दच घरात येऊ द्यायची नाही. दुकान 'वाढवायचं', दिवा 'वाढवायचा', बांगडी फुटली तरी ती 'वाढली'. संपतंय त्यालाच वाढ म्हणायचं, म्हणजे अशुभ कानावर पडत नाही. पण तिच्या बोलण्यात एक गोष्ट पक्की असायची. दुकान वाढवलं कोणी, तर शेटजींनी. दिवा वाढवला कोणी, तर तिनं. इंग्रजीच्या सरकारी शब्दांत नेमकी हीच जागा रिकामी असते.

ह्याचा सगळ्यात मोठा नमुना आपल्या शेजारीच घडला, साताऱ्यात. 1848 मध्ये छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब वारले. मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. डलहौसीच्या सरकारने तो मान्य केला नाही आणि राज्य 'लॅप्स' झालं असं ठरवलं. मूळ लॅटिन अर्थ घसरणं, निसटणं. म्हणजे कोणी काही घेतलं नाही हो, राज्य आपोआप निसटलं आणि कंपनीच्या ओंजळीत पडलं! मराठीत मात्र आपण शाळेपासून म्हणत आलो, 'सातारा खालसा केला'. खालसा हा महसुलातला शब्द, मूळ अरबी, अर्थ शुद्ध, निर्भेळ. जी जमीन थेट सरकारच्या ताब्यात ती खालसा. 'केला' म्हटल्यावर करणारा आलाच. आपल्या सरकारी मराठीने पुढे 'लॅप्स'साठी 'व्यपगत होणे' असा शब्द घडवला. त्यात करणारा पुन्हा गायब झाला.

कोल्हापूरचं नशीब असं की इथली वारसाची अडचण उशिरा आली. 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी तो नियम सोडला आणि 1862 मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. त्यानंतर काय झालं बघा. 1866 मध्ये राजाराम महाराज दत्तक आले. 1870 मध्ये परदेशातून परतताना फ्लॉरेन्समध्ये वारले, वय वीस. मग चौथे शिवाजी दत्तक. ते 1883 मध्ये अहमदनगरला गेले, तेही इंग्रजांच्या देखरेखीखाली. आणि 1884 मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातून आलेला मुलगा म्हणजे आपले शाहू महाराज. अठरा वर्षांत तीन दत्तक. डलहौसीचा नियम तसाच राहिला असता तर पहिल्याच खेपेला कोल्हापूरही निसटलं असतं. पुढचं 1902 चं आरक्षण, वसतिगृहं, राधानगरीचं धरण, ह्यातलं कुठलं पान इतिहासात आलं असतं, ह्याचा विचार केला तरी कसंतरी होतं.

गंमत पुढेच आहे. 1947 च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याच्या सातव्या कलमात तोच शब्द परत आला. ह्या वेळी संस्थानांवरचं ब्रिटिश राजाचं अधिराज्यच 'लॅप्स' झालं. साताऱ्यानंतर नव्व्याण्णव वर्षांनी! जाताना मात्र ते कोणाच्या ओंजळीत पडलं नाही, नुसतंच संपलं. देवासहून त्याच वर्षी दत्तक आलेले कोल्हापूरचे शहाजी महाराज मोकळे झाले आणि पेचातही पडले. 1 मार्च 1949 ला कोल्हापूर मुंबई प्रांतात गेलं. ह्याला शब्द मिळाला 'विलीनीकरण'. मीठ पाण्यात विरघळावं तसा हळुवार शब्द. (आपल्याकडे माणूसही अनंतात विलीन होतो, हे तो निवडणाऱ्यांच्या लक्षात होतं की नाही कोण जाणे.)

राजांची गोष्ट निदान कलमांत तरी लिहिली गेली. शाहू मिलची तीही सोय नाही. 1906 मध्ये महाराजांनी उभी केलेली गिरणी 2003 मध्ये बंद पडली. 'बंद पडली' हे माझ्याही तोंडी किती सहज येतं बघा! घड्याळ बंद पडतं, पंप बंद पडतो, गिरणीही पडली. महाराजांनी 'उभी केली' म्हणताना कर्ता होता, पडताना नाही. शाहू स्मृती शताब्दीला, 2022 मध्ये, त्या आवारात प्रदर्शनं भरली, आम्हीही गेलो होतो. यंत्रांचा आवाज नव्हता, पोरांचा होता.

तर भाचा. शेवटी त्याने लिहिलं, 'सदर विभाग टप्प्याटप्प्याने बंद होत आहे.' मी म्हटलं, "बंद कोण करतंय ते तरी लिही."

पत्रक उलटसुलट करून पाहिलं त्यानं. "मामा, ते ह्यात कुठंच नाही."

त्या विभागात बावीस माणसं आहेत म्हणाला. नोटीस सोमवारी लागणार.