शिकलेल्या माणसाचा बाजारावर राग का?

मंडळी, आज एका जुन्या कोड्याविषयी बोलू. शिकल्यासवरल्या माणसांपुढं, म्हणजे लेखक, प्राध्यापक, शाळामास्तर यांच्यापुढं, नफ्यातोट्याची गोष्ट काढा. बहुतेकांच्या कपाळाला आठी पडते. ज्यानं त्यानं आपल्या मर्जीनं घ्यावं, विकावं, सरकारनं मध्ये पडू नये, याला खुला बाजार म्हणतात. या रीतीवर त्यांचा विश्वास म्हणून बसत नाही. असं का व्हावं?

अमेरिकेतले तत्त्वचिंतक रॉबर्ट नॉझिक यांनी 1998 साली छापलेल्या एका निबंधात याचं उत्तर दिलं आहे. गुरुजींनी ते जरूर ऐकावं, कारण त्यात दोष शाळेच्याच माथी येतो. वर्गात ज्याला उत्तर येतं, शाबासकी त्याला. हा मुलगा मोठा होतो आणि बघतो तर बाहेर त्याच्या पहिल्या नंबराला कोणी विचारत नाही. मागच्या बाकावर बसून पाढे चुकणारा गडी मिरचीच्या व्यापारात शिरतो आणि माडी बांधतो! मग पहिल्या नंबरवाल्याला वाटू लागतं, की ही व्यवस्थाच अन्यायाची आहे. त्याआधी 1942 साली शुंपेटर या अर्थशास्त्रज्ञानं म्हटलं होतं, की भांडवलशाहीच शिक्षण वाढवते आणि आपले टीकाकार आपणच पोसते.

उत्तर मोठं चतुर आहे, आणि थोडं खरंही. असा एखादा पहिल्या नंबरवाला आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. पण आपल्या तापीकाठी हे उत्तर पुरं पडत नाही.

एक तर मराठीत आरंभी असा राग नव्हताच. लोकहितवादींनी 1849 साली 'लक्ष्मीज्ञान' हे अर्थशास्त्राचं पुस्तक मराठीत आणलं. लोकांनी व्यापार-उदीम शिकावा, ऐतखाऊपणा सोडावा, असा त्यांचा धोशा होता. मग पुढच्या तीसएक वर्षांत रंग का पालटला? याचं उत्तर पुस्तकात नाही बरं का, सावकाराच्या वहीत आहे.

1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. तिकडचा कापूस अडला आणि विलायतेतल्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. खानदेश तर कापसाचंच रान. भाव चढले, शेतकऱ्याला पत आली, कर्जही सहज मिळू लागलं. युद्ध संपलं तसे भाव कोसळले. कर्ज मात्र जागच्या जागी राहिलं. त्यातच 1859 चा मुदतीचा कायदा होता. साध्या कर्जाची मागणी तीन वर्षांच्या आत करावी, असा त्यात नियम होता. हेतू ऋणकोच्या सोयीचा. पण झालं उलटंच! मुदत संपत आली की सावकार जुनं व्याज मुदलात मिळवून नवा कागद लिहून घेई. अंगठा उठवणाऱ्याला कागद वाचता येत नव्हता. आणि कोर्टात काय चालायचं? जे कागदावर, ते खरं.

मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक उठले आणि लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेलं. पण ते काय मागत होते, हे ध्यानात घ्या. त्यांना हवी होती कर्जखतं. जिथं ती मुकाट्यानं मिळाली तिथं मारहाण फारशी झाली नाही. कागद जाळले आणि लोक घरी गेले. सरकारनं चौकशी नेमली आणि 1879 साली शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा केला.

1883 साली जोतिराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. त्यांचा असूड एकट्या सावकारावर नव्हता. कचेरीतला कारकून, कोर्टातला लिहिणारा, शिकलेला अंमलदार, सारेच त्यांनी धरले. म्हणजे पाहा, बाजाराला नावं ठेवणारा वर्ग शिकलेला, आणि त्या बाजाराचं कुलूप ज्याच्या हाती तोही शिकलेलाच! रानडे 1892 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात बोलले ते शांत भाषेत, पण रोख जवळचाच होता: इंग्रजी ग्रंथांतले अर्थशास्त्राचे नियम जी परिस्थिती गृहीत धरतात, ती या देशात नाही.

माझ्या मते खरी मेख इथं आहे. दोघांनी राजीखुशीनं व्यवहार करावा हे तत्त्व चांगलंच आहे. पण दोघांपैकी एकाला कागद वाचता येत नसेल, तर ती राजीखुशी कसली?

आता शहाद्याला येऊ. तापीकाठच्या काळ्या जमिनीत ऊस आला, केळी आली, पैसा खेळू लागला. ज्या भिलांची ती जमीन पूर्वी होती, त्यांतले कितीतरी त्याच शिवारात सालदार म्हणून राबत होते. जमीन गेली ती बहुतेक कागदानंच: गहाणखत, खरेदीखत, कधी धान्याच्या उधारीपोटी. मे 1971 मध्ये पाटीलवाडीला धान्य मागायला आलेल्या आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या. अंबरसिंग सुरतवंती हे भिल्ल कार्यकर्ते त्याआधीपासून लोकांना जागं करत होते. आता मुंबई-पुण्याकडची शिकलेली मुलंही येऊन मिळाली. त्यांत इंजिनिअर झालेले कुमार शिराळकर होते. 1972 मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. या मुलांनी मार्क्स वाचलेला होता, हे खरं. पण हातची नोकरी सोडून दुष्काळात सातपुड्याच्या पायथ्याशी येऊन राहिलेल्या मुलाला 'पहिल्या नंबराचा मत्सर' लावणं मला पटत नाही. पुढं कायदा झाला, आणि 1957 ते 1974 या काळात आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत करण्याची तरतूद आली.

पण थांबा, गोष्ट एवढ्यावर संपत नाही. त्याच 1972 साली राज्यानं कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. व्यापारी लुबाडतो ना, मग व्यापारीच नको! कल्पना शिकलेल्यांची. शेतकऱ्यानं कापूस सरकारलाच द्यायचा. नंदुरबारची हद्द गुजरातला लागून. पलीकडे भाव बरा असला तरी माल राज्याबाहेर नेण्याला बंदी. सावकाराच्या वहीतून सुटलेला शेतकरी सरकारी काट्यापुढं रांगेत उभा राहिला.

याला आव्हान दिलं तेही एका शिकलेल्या माणसानंच. शरद जोशी स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले आणि शेतकरी संघटना उभी केली. 1980 साली चाकणला कांद्याचं आंदोलन झालं. भाव पाडतं ते सरकार, आम्हाला बाजार मोकळा द्या, असं ते सांगत. त्यांच्या सभांना लाखांनी माणूस लोटला. कापसाची मक्तेदारी ढिली व्हायला मात्र 2002 च्या आसपासचा काळ उजाडला.

फक्त जोशींच्या सभेला येणाऱ्याकडे विकायला माल होता. शहाद्याच्या सालदाराकडे विकायला दोन हातच होते, त्यामुळं मोकळ्या बाजाराची ती हाक त्याच्या कानी वेगळी पडली असणार. श्रमिक संघटनेत वाढलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' नावाची एक कविता आहे. गुरुजींनी ती मिळवून वरच्या वर्गात वाचावी. तिच्यातला राग व्यापाऱ्यावर नाही. आमचं दुःख आम्हालाच सांगायला जे व्यासपीठावर चढून बसले, त्यांच्यावर आहे.