टिळकांचा राजीनामा

स्वेच्छेनें पत्करलेल्या सेवेंतून धुरीण बाहेर पडला, म्हणजे मागें राहिलेल्यांस सुटकाही वाटते आणि पोरकेपणाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचें उदाहरण घ्या. १८८४ सालीं निघालेल्या या संस्थेचें ब्रीद अल्प वेतन व आजन्म सेवा हें होतें. आजीव सभासदांनीं बाहेरच्या व्यापांत व प्राप्तींत पडूं नये, हा टिळकांचा आग्रह आगरकर-गोखल्यांस जाचक वाटे. १८९० सालीं टिळकांनीं राजीनामा दिला. आयुष्याचें ध्येयच आपण सोडीत आहों, ही त्यांची भावना होती. तथापि कॉलेज थांबलें नाहीं. १८९२ सालीं आगरकर प्रिन्सिपॉल झाले. संस्था तरली, स्नेह मात्र तुटला. परंतु १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस बरोबर काढलेले आगरकर १८९५ सालीं वारले, तेव्हां केसरींतील मृत्युलेख टिळकांनींच लिहिला.