लीज्ड लाइन

लीज्ड लाइन : दूरसंचार कंपनीने बँक, कारखाना किंवा कार्यालयाला भाड्याने दिलेली, चोवीस तास चालू राहणारी स्वतंत्र जोडणी. घरगुती ब्रॉडबँडची क्षमता अनेक ग्राहकांत वाटली जाते. इथे ठरलेली क्षमता एकाच ग्राहकासाठी राखीव असते. माहिती पाठवण्याचा व घेण्याचा वेगही सारखाच. बिघाड किती तासांत काढायचा हे करारात लिहिलेले असते, आणि जास्तीचे भाडे मुख्यतः याच हमीचे.

पूर्वी ही जोडणी तांब्याच्या तारांवरून 64 केबीपीएसच्या पटीत मिळे. अशा 32 वाहिन्या मिळून 2.048 एमबीपीएसची ‘ई-वन’ होते. आता बहुतेक काम फायबरवर चालते.

वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील तळेगाव (श्यामजी पंत) नागपूर–अमरावती महामार्गावर आहे. अशा गावांतल्या बँकेत ‘लिंक नाही’ हे शब्द कोणाला नवे नाहीत. कोअर बँकिंगमुळे खात्याची नोंद शाखेत नसते, दूरच्या डेटा सेंटरमध्ये असते. लिंक गेली की रोखपालाच्या पेटीत नोटा असूनही पासबुक घेऊन आलेल्या शेतकऱ्याला ताटकळावे लागते.

याचे एक नेहमीचे कारण रस्त्याकडेच्या चरात सापडते. जेसीबीचा दात लागला की केबल तुटते. प्रकाशाचा स्पंद सोडून, तो किती वेळात परततो यावरून ओटीडीआर हे यंत्र तुटीचे अंतर सांगते. मग केसाएवढ्या जाड काचतंतूंची टोके पुसून, नीट छाटून, विजेच्या ठिणगीने वितळवून एकेक तंतू जोडतात. पाऊस चालू असला तर हे काम फार जिकिरीचे.

म्हणून दुसरी वाट हवीच. एकाच चरातून नेलेल्या दोन केबलींना दोन वाटा म्हणता येत नाही. बँकांसाठी 1999 मध्ये उभारलेल्या ‘इन्फिनेट’ची सुरुवात व्हीसॅट या उपग्रहामार्फतच्या जोडणीवर झाली; उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटरवर असल्याने विचारणा करून उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद जातो, पण रस्ता खोदला तरी ही जोडणी टिकते. ग्रामपंचायतींसाठीच्या भारतनेटच्या 2023 मधील सुधारित आराखड्यातही कडीची रचना आहे : एका बाजूने तुटले तर दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहते.

मार्च 2023 पासून ‘कॉल बिफोर यू डिग’ हे सरकारी ॲप उपलब्ध आहे. महामार्गाकडेला नळाची पाइपलाइन टाकायची असो वा नाली, कुदळ मारण्याआधी त्यावर नोंद जरूर करावी.