ऱ्हायनोस्पोरिडियम : एका काचपट्टीच्या वाचनाचा इतिहास

शस्त्रक्रियेत काढलेला मांसाचा तुकडा विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत येतो तेव्हा तो मुका असतो. फॉर्मॅलिनमध्ये मुरवून, मेणात बसवून, त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे छेद काढून आणि हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या दोन रंगांत ते बुडवून काढल्यावर तो बोलू लागतो, असे म्हणण्याची पद्धत आहे. वस्तुतः तेव्हाही तो बोलत नाही. तो केवळ वाचण्याजोगा होतो. जुनी मोडी कागदपत्रे चाळणाऱ्या वाचकांना हा फरक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. अक्षर डोळ्यांपुढे स्वच्छ असते आणि तरीही ते काय आहे यावर दोन जाणत्यांत वाद होतो. नाकातील एका व्याधीच्या छेदांबाबत असा वाद शंभर वर्षे चालला. त्या वादाचा एक धागा पुण्याच्या वाळू काढणाऱ्या कामकऱ्यांपर्यंत येऊन पोहोचतो, हे मात्र फारसे कोणास ठाऊक नाही.

सन १९०० मध्ये ब्वेनोस आयरेस येथे गिलेर्मो सीबर या तरुण वैद्याने आपला प्रबंध सादर केला. नाकात वाढलेल्या मांसाच्या छेदांत त्याला मोठमोठे गोलक आढळले होते. त्यांचे कवच जाड होते आणि पोटात असंख्य बारीक कण खच्चून भरलेले होते. मनुष्याची लाल रक्तपेशी सुमारे सात मायक्रॉन रुंदीची असते. यांतील पूर्ण वाढलेले गोलक दोनशे-तीनशे मायक्रॉनपर्यंत जातात. म्हणजे मांसाच्या पृष्ठभागावर ते नुसत्या डोळ्यांनाही पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात. सीबर याने त्यांस मनुष्याच्या शरीरात राहणारा एक नवा स्पोरोझोआ, म्हणजे एकपेशीय परोपजीवी प्राणी, ठरविले.

हा निर्णय त्याने हवेतून काढला नव्हता. त्याचे गुरू रॉबेर्तो वेर्निके यांनी व त्यांचे शिष्य आलेहांद्रो पोसादास यांनी १८९२ मध्ये एका सैनिकाच्या त्वचेच्या गाठींत असेच, पण लहान, गोलक पाहिले होते आणि त्यांसही प्राणीच मानले होते. कॅलिफोर्नियात रिक्सफर्ड व गिलख्रिस्ट यांनी १८९६ मध्ये तशाच जीवास कॉक्सिडिऑइडिस हे नाव दिले, ते कॉक्सिडिया या प्राण्यांशी असलेल्या साम्यावरून. गंमत अशी की, त्या रुग्णांच्या गाठींतील पू संवर्धनपात्रात टाकला की दरवेळी एक पांढरी बुरशी उगवे, आणि ती बाहेरची घाण समजून तिच्याकडे दुर्लक्ष केले जाई. ही बुरशी हाच तो ‘प्राणी’ होय, हे १९०० मध्ये ऑफ्यूल्स व मॉफिट यांनी दाखवून दिले. अर्थात सीबर आपल्या गोलकांस प्राणी म्हणत होता, त्याच वर्षी त्या निर्णयाचा आधार कोसळला होता! परंतु सीबरचा गोलक कोणत्याही पात्रात उगवत नव्हता. तेव्हा तो वाद मिटविण्याचा मार्गच बंद होता. जे काही ठरवायचे ते आकारावरून.

इकडे कलकत्त्यात इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील ओकिनिली या शल्यचिकित्सकास एका हिंदी तरुणाच्या नाकाच्या पडद्यावर तशीच वाढ आढळली, आणि १९०३ मध्ये त्याने ती लंडनच्या वैद्यकसभेपुढे मांडली. ते छेद मिंचिन व फँथम या प्राणिशास्त्रज्ञांनी अभ्यासिले आणि १९०५ मध्ये त्या जीवास ‘ऱ्हायनोस्पोरिडियम किनिलाय’ असे नवे नाव दिले. नव्या शोधाच्या आनंदात असलेल्या या मंडळींना ब्वेनोस आयरेसच्या प्रबंधाचा पत्ताच नव्हता. तो स्पॅनिश भाषेत होता. सीबर याने १९१२ मध्ये दोन्ही जीव एकच असल्याचे सांगून अग्रक्रमावर हक्क मांडला आणि पुढे तो मान्य होऊन ‘ऱ्हायनोस्पोरिडियम सीबेराय’ हे नाव रूढ झाले. ग्रंथालयाच्या फळीवर न वाचलेले पुस्तक किती महागात पडते याचे याहून सुबक उदाहरण शोधावे लागेल. मात्र एक गोष्ट सीबर आणि लंडनकर या दोघांतही समान होती : दोघांनीही ‘प्राणी’ असेच वाचले.

ते वाचन फिरविले एडिंबरोच्या जेम्स हार्टली ॲशवर्थ यांनी. लोगन टर्नर या शल्यचिकित्सकाने शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णाच्या मांसावर त्यांनी केलेला अभ्यास १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो आजही वाचावा असा आहे. त्यांनी एकाच अवस्थेचा गोलक पाहून निकाल दिला नाही. सहा-सात मायक्रॉनच्या बीजापासून फुटायला आलेल्या महागोलकापर्यंत सर्व पायऱ्या छेदांतून गोळा करून एका ओळीत मांडल्या. केंद्रक पुनःपुन्हा दुभंगतो, कवच जाड होते, शेवटी पोटात हजारो बीजाणू तयार होतात आणि कवचातील एका छिद्रातून ते बाहेर पडतात. हा क्रम स्पोरोझोआचा नव्हे, तो पाण्यातील खालच्या दर्जाच्या बुरशीशी जुळतो, असे त्यांचे मत पडले. ॲशवर्थ स्वतः प्राणिशास्त्राचे अध्यापक होते. हातात आलेला जीव त्यांनी आपल्या शास्त्राच्या कक्षेबाहेर काढून वनस्पतिशास्त्रज्ञांच्या स्वाधीन केला. विद्वानांत असे औदार्य विरळा. पुढील सुमारे सत्तर वर्षे पाठ्यपुस्तकांत हा जीव बुरशी म्हणूनच नांदला.

परंतु रोग होतो कोठून, याचे उत्तर छेदांत नव्हते. ते छेदाच्या मालकाकडे होते. १९३३ मध्ये नोरोन्हा यांनी पुण्यातील वाळू काढणाऱ्या कामकऱ्यांत या व्याधीचे प्रमाण ध्यानात येण्याजोगे असल्याची प्राथमिक नोंद प्रसिद्ध केली व तिच्यासोबत छेदांचेही वर्णन दिले. १९३७ मध्ये मंडलिक यांनी ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये आपल्या रुग्णांची हकीकत मांडून संसर्गाच्या मार्गाचा विचार केला. नदीच्या पाण्यात उभे राहून, बुडी मारून वाळू उपसणाऱ्या माणसाच्या नाकात पाणी जाते, वाळूच्या कणांनी नाकातील नाजूक त्वचा खरचटते आणि त्या ओरखड्यातून बीज आत शिरते, असे अनुमान पुढे सर्वसामान्य झाले. छत्तीसगडातील तळी, केरळ व तमिळनाडूतील पाणवठे आणि श्रीलंका येथील अनुभव त्यास पुष्टी देतो. ज्यांच्या उपसलेल्या वाळूवर शहरातील वाडे आणि बंगले उभे राहिले त्यांची या इतिहासात नावे नाहीत. ते केवळ ‘सँड-वर्कर्स’ एवढ्या शब्दांत आले आहेत. तरी रोगाचा पाण्याशी असलेला संबंध जगापुढे येण्यात त्यांच्या नाकांचा वाटा कोणाही प्राध्यापकाहून कमी नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा प्रत्येक गोलक सजीव असतो, असे मात्र समजू नये. याच शास्त्रातील एक हकीकत उलट्या दिशेची आहे. १९६९ मध्ये पूर्व आफ्रिकेतील रुग्णांच्या स्नायूंत व त्वचेखाली पिशव्या आणि त्यांत भरलेल्या तपकिरी गोट्या आढळल्या. त्यास ‘मायोस्फेरुलोसिस’ हे नाव मिळाले आणि ही एखादी अपरिचित बुरशी असावी असा तर्क झाला. १९७७ मध्ये अमेरिकेत नाकाच्या व सायनसच्या शस्त्रक्रियेनंतरच्या मांसात त्याच पिशव्या दिसल्या. जखमेत भरलेल्या बोळ्यास पेट्रोलियमयुक्त मलम लावलेले होते, हा त्यातील दुवा. त्या गोट्या म्हणजे मलमाच्या संपर्काने विद्रूप झालेल्या रुग्णाच्या स्वतःच्याच लाल पेशी होत, हे रोसाय यांनी १९७८ मध्ये दाखविले. ज्यास रोगजंतू म्हटले गेले ते उपचाराचेच उच्छिष्ट निघाले.

हे ध्यानात घेतले म्हणजे १९९२ मध्ये दिल्लीच्या अहलुवालिया यांनी घेतलेली शंका उपहासाने उडवून लावण्याजोगी नव्हती, हे पटते. ऱ्हायनोस्पोरिडियमचे ‘बीजाणू’ हे बीजाणू नव्हेतच, शरीराने बाहेर टाकावयाचा न पचलेला माल भरलेल्या त्या थैल्या होत, असे त्यांनी प्रतिपादिले. जो जीव नव्वद वर्षांत कोणालाही खात्रीने वाढविता आला नाही त्याच्या जीवपणाविषयीच प्रश्न विचारणे न्याय्यच होते. पुढे १९९७ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मायक्रोसिस्टिस या नीलहरित शैवालास कारण मानले. हा दुसरा तर्क फारसा टिकला नाही. पाणवठ्यावर जो माणूस नित्य उतरतो त्याच्या नाकात पाणवठ्यातील शैवाल सापडणे, एवढ्याने ते रोगाचे कारण ठरत नाही.

निकाल आला तो आकारावरून नव्हे, अनुवंशद्रव्यावरून. १९९९ मध्ये हेर, मेंडोझा आदी संशोधकांनी रोगग्रस्त मांसातून मिळविलेल्या रायबोसोमीय जनुकाची अक्षरमाला वाचली. ती बुरशीशी जुळेना, स्पोरोझोआशीही जुळेना. ती जुळली मासे व अन्य जलचर यांच्या अंगावर जगणाऱ्या काही सूक्ष्म परोपजीवींशी. वंशवृक्षावर प्राणी आणि बुरशी यांच्या फाट्याजवळ असलेला हा गट मेसोमायसीटोझोआ या नावाने ओळखला जातो. मात्र मांसाच्या तुकड्यात रुग्णाचे अनुवंशद्रव्य असते, पाण्यातून आलेल्या उपऱ्या जीवांचेही असते. मिळालेली अक्षरमाला त्या गोलकाचीच कशावरून? या प्रश्नाचे उत्तर फ्रेड्रिक्स आणि सहकारी यांनी २००० मध्ये दिले. त्या अक्षरमालेस नेमके चिकटणारे चमकते रसायन त्यांनी छेदावर टाकले, आणि उजळले ते गोलकच. सीबरचा ‘प्राणी’ आणि ॲशवर्थची ‘बुरशी’ ही दोन्ही वाचने चुकली, तरी ॲशवर्थ यांनी लावलेला पायऱ्यांचा क्रम पुष्कळ अंशी अबाधित राहिला.

हा सारा विद्वानांचा खल रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचतो. या व्याधीत बुरशीवरील औषधे उपयोगी पडत नाहीत, याचा उलगडा त्यामुळे होतो. वाढलेले मांस मुळासकट काढून तळ डागणे हाच मुख्य उपचार आहे. काढताना बीजाणू सांडले तर वाढ पुन्हा होते. १९७९ पासून डॅप्सोन हे कुष्ठरोगावरील औषध जोडीस दिले जाऊ लागले. शंका आल्यास विकृतिशास्त्रज्ञ म्युसिकार्मिन हा रंग वापरतो : ऱ्हायनोस्पोरिडियमचे कवच त्यात लाल होते, कॉक्सिडिऑइडिसचे होत नाही. प्रयोगशाळेतील पात्रात हा जीव वाढविल्याचा एखाद-दुसरा दावा झाला, पण तो इतरांच्या हातून सिद्ध झाला नाही. म्हणून निदानासाठी आजही प्रथम तोच मेणात बसविलेला तुकडा, तेच दोन रंग आणि तीच काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली जाते, आणि पुढच्या खोलीत बसलेल्या रुग्णास विचारले जाते, स्नान कोठे करता, नदीवर की तळ्यावर?