मावळचा घाटमार्ग आणि पिसू : प्लेगच्या इतिहासातील एक प्रश्न

बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला झाला आणि लोणावळे-खंडाळ्यावरून मावळ मुलूख मुंबई बंदराशी जोडला गेला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी ग्रंथिक संनिपाताचे निदान केले. काही महिन्यांतच ती साथ पुण्यात फैलावली. घाट चढून रोग आणला कोणी, या प्रश्नाला सरकारचे उत्तर मुख्यतः ‘माणसाने’ असेच होते. फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्यान्वये झालेली प्रवाशांची तपासणी, घरझडती व सक्तीचे विलगीकरण ही याच उत्तरावर उभी होती. त्यातून उसळलेला क्षोभ आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेला हल्ला सर्वश्रुत आहे. त्यामागील शास्त्रीय गृहीतक तपासणेही तितकेच अगत्याचे आहे.

जून १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यकाने कराचीत दाखवून दिले की, रोगी उंदरावरील पिसवा निरोगी उंदराला रोग देतात. हे मत प्रथम फारसे मानले गेले नाही. पुढे मुंबईत लिस्टन यांनी व १९०५ पासून परळ येथे काम करणाऱ्या प्लेग संशोधन मंडळाने गिनीपिगांवरील प्रयोगांनी त्यास पुष्टी दिली. १९१४ साली बॅकॉट व मार्टिन यांनी यंत्रणाही उलगडली : जंतूंच्या वाढीने पिसवेची अन्ननलिका तुंबते, भुकेली पिसू पुनःपुन्हा दंश करते आणि तुंबलेले रक्त जंतूंसह जखमेत परत जाते. उंदीर मेला व त्याचे शरीर थंडावले की पिसवा त्याला सोडतात आणि अन्य आश्रय शोधतात. धान्याच्या पोत्यांतून व कपड्यांतून त्या दूरवरही जातात. म्हणजे माणसाचा प्रवास निरुपद्रवी नव्हता. परंतु केवळ त्याच्या अंगावरील गाठ व ताप शोधून हा प्रवाह अडविणे शक्य नव्हते.

या दृष्टीने रयतेचे वर्तन लक्षणीय ठरते. ‘उंदीर पडू लागले’ की गाव सोडून रानात झोपड्या घालून राहण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र रूढ झाली. पिसवेचे ज्ञान नसतानाही ती कारणाच्या अधिक जवळ पोचली होती.

तथापि रानही सर्वथा निर्धोक नसते. रानउंदरांत रोग टिकून राहू शकतो व त्यांच्या पिसवांद्वारे घरउंदरांत शिरू शकतो. भारतात १९६६ नंतर मानवी प्लेग दिसला नव्हता. तो १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावी पुन्हा प्रकटला. अमेरिकेतही असेच दृश्य निराळ्या रोगाबाबत दिसते : टेक्सास व कॅलिफोर्नियात ऑपॉसम नावाचा वन्य प्राणी मांजरावरील पिसवा वाहतो आणि पिसूजन्य टायफस वस्तीपर्यंत पोचतो. हा प्राणी आपल्याकडे नाही. वस्ती व रान यांमधील सीमा मात्र मावळातही आहे, आणि नव्या बांधकामांनी ती रोज सरकत आहे.

सारांश, १८९७ च्या धोरणाची चूक केवळ कठोरपणाची नव्हती; रोगाच्या वाहकाविषयीचे अज्ञान हेही तिचे मूळ होते. साथीच्या इतिहासाचा अभ्यास करताना राज्यकर्ते व प्रजा यांच्या जोडीला उंदीर आणि पिसू यांनाही स्थान दिले पाहिजे.