मागचा ब्रेक

आमच्या मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत गाडीची पारख तिच्या वेगावरून कधी होत नसे. ‘घाट उतरते कशी?’ हा पहिला प्रश्न. मुरबाडहून जुन्नरकडे जायचे तर माळशेज, शहापूरहून नाशिककडे जायचे तर कसारा. चढताना गाडी थकली तर थांबता येते. उतरताना थांबणे आपल्या हाती असतेच असे नाही.

या घाटांची खरी गाडी म्हणजे जीप. 1945 साली महिंद्र अँड महंमद या नावाने सुरू झालेली कंपनी 1947 पासून अमेरिकेतल्या विलीस कंपनीच्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडू लागली. 1948 मध्ये तिचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. पुढे उंच बॉनेटचे सीजे-3बी हे मॉडेल इथेच बनू लागले आणि कित्येक वर्षे बनत राहिले. माझ्या काकांकडे तीच जीप होती. लग्नाचे वऱ्हाड, म्हशाच्या यात्रेची माणसे, रात्री-अपरात्री अडलेली बाळंतीण, सगळे तिच्यातून जाई.

त्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक. पायाने दाब दिला की फळीखालच्या मास्टर सिलिंडरमधले तेल नळीवाटे चाकांपर्यंत जाते, आतले दोन शू फाकतात आणि फिरत्या ड्रमला आतून घासतात. फिरणारा ड्रमच पुढच्या शूला आणखी आत ओढून घेतो, म्हणून कमी जोरात काम भागते. पण ड्रम बंदिस्त. लांब उतारावर आत उष्णता साठते आणि लायनरची पकड सुटते. पाणी शिरले तरी तेच.

डिस्क ब्रेकची कल्पना तशी जुनी. इंग्लंडमध्ये लँचेस्टर यांनी 1902 साली तिचे पेटंट घेतले. पण तिचे नाव झाले 1953 साली, फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क लावलेली जग्वार पहिली आली तेव्हा. उघडी तबकडी वाऱ्याने निवते आणि पाणी झटकून टाकते, हा तिचा गुण. 1955 साली सित्रोएनने आपल्या डीएस मोटारीला डिस्क दिल्या, त्या मात्र फक्त पुढे. मागे ड्रमच ठेवले. हे काटकसरीपुरते नव्हते, हे मला फार उशिरा कळले.

काका गेल्यावर जीप माझ्याकडे आली. मागच्या ॲक्सलचे हौसिंग तडकले होते. नंतरच्या एका मॉडेलचा ॲक्सल मिळाला. चाकाचे पाच बोल्ट जुळले, स्प्रिंगच्या बैठका नव्याने वेल्ड केल्या. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या दातांचे प्रमाण सारखे हवे, नाहीतर चारही चाकांची ओढ लावताच गिअर एकमेकांशी भांडतात. तेही तपासले. मग एका गॅरेजमध्ये सल्ला मिळाला, ‘ॲक्सल बदललाच आहे तर मागे डिस्क लावून टाका.’ मोडीतल्या एका गाडीच्या पुढच्या चाकांच्या डिस्क आणि कॅलिपर माझ्या जीपच्या मागे बसले. सपाटीवर ब्रेक असा लागे की मी खूश.

जुलै महिन्यात ओतूरहून माळशेज उतरत होतो. धुके, पाऊस, रस्त्यावर वाहते पाणी. एका वळणावर ब्रेक दाबला आणि जीपचा मागचा भाग दरीच्या बाजूला फिरला. कठड्यापासून हातभर अंतरावर गाडी आडवी थांबली. शेजारी माझी मुलगी बसली होती. ती काही बोलली नाही. तिने फक्त पुढची दांडी घट्ट धरली होती.

शहापूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना जीप दाखवली. त्यांनी फरशीवर खडूने चार चाके काढली. म्हणाले, ‘भाऊ, ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे जातो. उतारावर तर तो आधीच पुढे असतो. मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाला जास्त जोर दिलात तर ते फिरायचं थांबतं आणि घसरतं. घसरलेलं चाक सरळ राहत नाही.’

मग त्यांनी कॅलिपरचा पिस्टन बोटाने दाखवला. तेलाचा दाब सगळीकडे सारखाच, पण पिस्टनचा व्यास दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. तो कॅलिपर पुढच्या, भार घेणाऱ्या चाकासाठी बनवलेला. त्यात पावसाने माझे पुढचे ड्रम भिजून ढिले पडले, मागच्या डिस्कनी मात्र पाणी झटकले. ‘पुढची चाकं म्हातारी, मागची तरणी. गाडी कुणाचं ऐकणार?’ आणखी एक चूक त्यांनीच काढली. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब राखणारी झडप असते. डिस्कला तेवढा दाब सोसत नाही. पॅड तबकडीला घासत राहतात आणि तापतात.

डिस्क वाईट, असे त्यांचे म्हणणे नव्हते. मागे डिस्क हव्यात तर पुढेही हव्यात, मागचा पिस्टन लहान हवा, मास्टर सिलिंडर त्या मापाचा हवा, मागचा दाब आवरणारी झडप हवी. म्हणजे कारखान्यात हिशेबाने ठरते ते सगळे पुन्हा ठरवायचे. कायद्याचे म्हणणेही वेगळे नाही. निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांत मनमानी बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करायची, तर ती मूळ रूपात असावी लागते.

मी जुन्या मापाचा ॲक्सल शोधला आणि चारही चाकांना पुन्हा ड्रम आले. लायनर नवे, शूंचे अंतर चारही ठिकाणी नीट लावलेले. थांबायला पूर्वीपेक्षा जागा जास्त लागते, पण गाडी सरळ थांबते.

काकांची एक सवय होती. घाटमाथ्यावर गाडी थांबवून ते गिअर खाली घेत आणि म्हणत, ‘ज्या गिअरात चढलो, त्याच गिअरात उतरायचं.’ लहानपणी मला तो त्यांचा भित्रेपणा वाटे. आता माथ्यावर मीही थांबतो. मुलगी शेजारी असते. ‘बाबा, गिअर,’ असे तीच आधी म्हणते.